‘लायसन्सचं टेन्शन घेऊ नका’

‘तुमच्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ आहे ना? मग लायसन्सचं टेन्शन घेऊ नका, पॉवर ॲप्स त्यातच येतं.’ पॉवर ॲप्स म्हणजे फारसं कोडिंग न करता ऑफिसच्या कामाची ॲप्स बनवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन. सल्लागाराचं हे वाक्य अर्धं खरं होतं, म्हणूनच मी फसलो. धादांत खोटं असतं तर कुठेतरी खटकलं असतं.

ग्राहकांच्या तक्रारी नोंदवण्यासाठी आम्हाला ४२ जणांना वापरता येईल असं छोटं ॲप हवं होतं. ग्राहकांचा सगळा डेटा आधीपासूनच डेटाव्हर्समध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये होता, कारण विक्री विभाग डायनॅमिक्स ३६५ हे मायक्रोसॉफ्टचं विक्री आणि ग्राहकसेवेचं सॉफ्टवेअर वापरतो. त्याच डेटावर ॲप बांधायचं, पुन्हा एंट्री नको, एवढीच मागणी. ॲप तीन आठवड्यांत तयार झालं आणि खरं सांगायचं तर छान झालं होतं.

पहिल्या दिवशी ॲप उघडलं तर स्क्रीनवर एक चौकट आली: प्रीमियम लायसन्स लागेल किंवा ट्रायल सुरू करा. सल्लागार माझ्या खुर्चीमागे उभा होता. ‘ते निळं बटण दाबा, एकदाच विचारतं.’ मी दाबलं. मग ४१ जणांना मीच मेल पाठवला, ‘निळं बटण दाबा.’ तो मेल अजून जपून ठेवलाय, स्वतःचे कान उपटायला.

ट्रायल ३० दिवसांची होती. एकतिसाव्या दिवशी सकाळी फोन सुरू झाले. तोवर सल्लागाराचं शेवटचं बिल चुकतं झालं होतं.

खरी गोष्ट अशी. मायक्रोसॉफ्ट ३६५ सोबत जे पॉवर ॲप्स मिळतं ते शेअरपॉइंट, एक्सेल, आउटलुक अशा स्टँडर्ड कनेक्टरांपुरतं (कनेक्टर म्हणजे ॲपला डेटाशी जोडणारा दुवा). ॲपने डेटाव्हर्सला हात लावला की ते प्रीमियम, आणि मग ते बनवणाऱ्यालाच नाही, वापरणाऱ्या प्रत्येकाला लायसन्स लागतं. टीम्समध्ये डेटाव्हर्सची एक छोटी आवृत्ती मायक्रोसॉफ्ट ३६५ बरोबर मिळते, पण ती वेगळी. विक्री विभागाचा डेटा तिच्यात नसतो.

हे सल्लागाराला माहीत नव्हतं, असं मी काही दिवस स्वतःला समजावत होतो. पण फोन केल्यावर त्याच्याकडे तोडगा तयारच होता: ‘डेटा शेअरपॉइंटच्या यादीत भरू द्या, मी एका खात्यावरून फ्लो, म्हणजे आपोआप चालणारं काम लावतो, तो डेटाव्हर्समध्ये लिहील. एकच लायसन्स पुरेल.’ वर त्यासाठी वेगळं बिल! याला मल्टिप्लेक्सिंग म्हणतात आणि मायक्रोसॉफ्टच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की मध्ये कितीही पायऱ्या घाला, लागणारी लायसन्सं कमी होत नाहीत. नाही म्हटल्यावर त्याने डेटा एसक्यूएल सर्व्हर या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ठेवायला सुचवलं. त्याचा कनेक्टर एके काळी स्टँडर्ड होता, पण ऑक्टोबर २०१९ पासून तोही प्रीमियम आहे. मग मात्र त्याने कराराचं शेवटचं पान दाखवलं: ‘लायसन्सची जबाबदारी ग्राहकाची.’ आणि टेन्शन घेऊ नका हे वाक्य? ते फोनवरचं. माझ्याकडे लेखी काहीच नाही.

दुसरा फटका आमच्या आयटीतल्या मुलीने लक्षात आणून दिला. तक्रारी त्याने डायनॅमिक्सच्या ‘केस’ या तयार टेबलात ठेवल्या होत्या. काही टेबलं रिस्ट्रिक्टेड असतात, हे त्यातलंच. पॉवर ॲप्स प्रीमियम घेतलं तरी त्यातल्या नोंदी फक्त वाचण्याचा हक्क मिळतो. भरायच्या किंवा बदलायच्या तर डायनॅमिक्सचंच योग्य लायसन्स हवं. म्हणजे ४२ जणांसाठी पैसे ओतूनही काम अडलंच असतं. तिनेच तक्रारींसाठी स्वतंत्र टेबल बनवून नोंदी तिकडे हलवल्या.

हे सगळं आधी कळलं असतं का? दोन मिनिटांत. पॉवर ॲप्समध्ये ॲपच्या नावापुढचे तीन ठिपके दाबून डिटेल्स उघडलं की लायसन्सचा प्रकार दिसतो. आमच्या ॲपसमोर पहिल्या दिवसापासून ‘प्रीमियम’ लिहिलेलं होतं. कुणाकडून ॲप बनवून घेत असाल तर पैसे देण्याआधी ते पान त्याच्यासमोर उघडा, कोणती टेबलं वापरलीत ते विचारा, आणि किती जणांना कोणतं लायसन्स लागेल हे मेलवर मागा. ‘ट्रायल सुरू करा’ अशी चौकट दिसली तर तिथेच थांबा. डेमो ट्रायलवर चालला तर तो फक्त डेमो.

आम्ही शेवटी बसून मोजलं तर नोंदी खरोखर भरणारे ११ जणच निघाले. त्यांना लायसन्स घेतलं. बाकीच्यांना काही हवं असेल तर त्या अकरांपैकी कुणालातरी विचारतात. सल्लागाराचा परवा मेसेज आला होता, ‘ॲप कसं चाललंय?’ उत्तर दिलेलं नाही.