एआय एजंटला कलम शोधून देण्यासाठी इंडिया कोड कितपत पुरतं?

केंद्राचे आणि राज्यांचे अधिनियम एकाच जागी, फुकट आणि कलमवार देणारं इंडिया कोड हे सरकारी संकेतस्थळ एआय एजंटच्या (दिलेली साधनं वापरून स्वतः काम करणाऱ्या एआय प्रोग्रामच्या) शोधसाधनाचा पाया म्हणून उत्तम आहे. अधिनियमाचा क्रमांक, वर्ष, अंमलाची तारीख, पीडीएफ, सगळं एका पानावर.

पण मजकूर उचलून शोधसूचीत टाकला की काम झालं, असं नाही. खरी मेख तारखेत आहे. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. त्याआधीच्या फसवणुकीला भारतीय दंड संहितेचं कलम 420च लागतं, नंतरच्या फसवणुकीला न्याय संहितेचं 318(4). म्हणून साधनात ‘गुन्ह्याची तारीख’ हा रकाना सक्तीचा ठेवा आणि तसं साधनाच्या वर्णनातही लिहा. नाहीतर एजंट मजकूर अचूक देतो, कायदा चुकीचा लावतो. न्याय संहितेचं 106(2), म्हणजे बेदरकार वाहन चालवून मृत्यू घडवल्यावर न कळवता पळून जाण्याबद्दलचं पोटकलम, तर आणखी फसवं. संहितेत ते छापलेलं आहे, पण 1 जुलैच्या अंमलातून अधिसूचनेने वगळलं होतं. प्रत्येक पोटकलमाची अंमलस्थिती वेगळी साठवायलाच हवी.

शोधसूचीत टाकताना मजकुराचे तुकडे कलमागणिक पाडा, शब्दसंख्येवर नको. परंतुक (कलमाला अपवाद किंवा अट जोडणारा ‘परंतु’चा भाग) मूळ कलमापासून तुटलं की अर्थ उलटतो.

जुनी नावंही जोडा: मुंबई पोलीस अधिनियम, 1951 आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम आहे आणि निकालपत्रांत दोन्ही नावं येतात. कलम न मिळाल्यास साधनाने ‘सापडलं नाही’ एवढंच परत द्यावं. जवळपासचं कलम देऊ नये.