बकचे कुत्रेपण हरवलेला ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’

जॅक लंडन यांच्या १९०३ सालच्या कादंबरीवर ख्रिस सँडर्स यांनी २०२० मध्ये केलेला ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ हा चित्रपट गेल्या रविवारी दादरच्या घरी सातवीतल्या भाचीबरोबर पाहिला. तिला तो आवडला. संपल्यावर मात्र तिने विचारले, “मावशी, बक तर आधीपासूनच एवढा शहाणा होता, मग रानात जाऊन त्याला नवीन काय मिळालं?” चित्रपटाची सगळी अडचण या प्रश्नात आहे.

कादंबरीतला बक १४० पौंडांचा, म्हणजे सुमारे ६३ किलोंचा, कॅलिफोर्नियातील एका न्यायाधीशाच्या घरी सुखात वाढलेला कुत्रा आहे. १८९७ साली कॅनडातील क्लोंडाइककडे सोन्यासाठी झुंबड उडते, स्लेज, म्हणजे बर्फावरून घसरत जाणारी गाडी, ओढणाऱ्या दणकट कुत्र्यांना भाव येतो आणि माळ्याच्या हाताखालचा माणूस बकला चोरून विकतो. पुढे तो जे शिकतो, ते मार खाऊन किंवा डोळ्यांदेखत मरण पाहून. अलास्कातील डायीच्या किनाऱ्यावर त्याची सोबतीण कर्ली ही कुत्री सलगी करायला एका हस्की जातीच्या कुत्र्याजवळ जाते, तो क्षणात तिचा चेहरा फाडतो आणि ३०-४० कुत्री मुकाट रिंगण धरून ती खाली पडण्याची वाट पाहतात. चित्रपटात हे नाही. कादंबरीत बक आणि स्लेजच्या कुत्र्यांचा म्होरक्या स्पिट्झ यांची झुंज मरणाने संपते; इथे हरलेला स्पिट्झ नुसता निघून जातो. मुलांना सोसणार नाही म्हणून हे गाळले असावे. पण आमच्या गल्लीत परका कुत्रा शिरला की बाकीचे त्याला कसे घेरतात, हे माझ्या भाचीने गॅलरीतून कितीदा तरी पाहिले आहे.

मला सर्वांत जास्त चुटपुट लागली ती डेव्हची. कादंबरीतला हा अबोल कुत्रा आजारी पडतो, म्हणून त्याला विश्रांती मिळावी यासाठी जुंपणीतून सोडतात. पण आपल्या जागी दुसरा कुत्रा ओढतो आहे हे त्याला सहन होत नाही. तो बाजूच्या भुसभुशीत बर्फातून धडपडत येतो, आपल्या जागी जुंपलेल्या सोलेक्सचे पट्टे दातांनी तोडतो आणि स्लेजसमोर स्वतःच्या जागेवर उभा राहतो. मरायचेच असेल तर कामावर मरू द्यावे, म्हणून माणसे त्याला पुन्हा जुंपतात. दुसऱ्या दिवशी त्याला उठवत नाही. स्लेज झाडांआड थांबते, एक माणूस मागे जातो, गोळीचा आवाज येतो, तो माणूस घाईने परततो आणि घुंगरे वाजवीत तांडा पुढे निघतो. काय झाले ते प्रत्येक कुत्र्याला कळलेले असते. या दोन पानांत कुत्र्याचा जो स्वाभिमान आहे, तो चित्रपटात मला कुठेच सापडला नाही.

त्याऐवजी संगणकावर घडवलेला बक भुवया उंचावतो आणि आपला शेवटचा मालक थॉर्नटन याची दारूची बाटली लपवतो. म्हणजे दुःख टाळताना कुत्र्याचाच माणूस करून टाकला आहे. असे पूर्वीही झाले आहे: इथल्या जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात १८६५ साली जन्मलेल्या किपलिंग यांच्या ‘द जंगल बुक’मध्ये जंगलाचा कायदा कडकपणे शिकवणारा बल्लू १९६७ च्या डिस्नेपटात नाचरा, ऐषारामी झाला आणि मोगलीला माकडांच्या तावडीतून सोडवणारा अजगर ‘का’ खलनायक झाला.

एक बदल मात्र मला पटला. कादंबरीत थॉर्नटनला मारणारी काल्पनिक आदिवासी टोळी चित्रपटाने वगळली, हे योग्यच केले. हॅरिसन फोर्ड यांचा थकलेला, मुलाच्या आठवणीने खचलेला थॉर्नटन मनापासून आवडला; त्यांच्यासाठी चित्रपट एकदा जरूर पाहावा. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना तो निर्धास्त दाखवता येईल. त्याहून मोठ्या मुलांच्या हाती आधी कादंबरी द्यावी.

त्या रात्री भाचीला डेव्हची पाने मराठीत सांगत वाचून दाखवली. गोळीच्या आवाजापाशी मी थांबले, तेव्हा तिने पुस्तक माझ्या हातून घेतले आणि पुढचे अडखळत, पण स्वतःच वाचले.