खोल बर्फासाठी पाय तयार करणारी नागपूरच्या बजाजनगरची व्यायामशाळा

गुलमर्गला जाऊन फक्त दाबून सपाट केलेल्या उतारावर स्की करायचं असेल, तर या व्यायामशाळेची गरज नाही. रोज अंबाझरीला फेरी मारत असाल, ऑफिसात लिफ्टऐवजी जिना चढत असाल, तर तेवढ्यावर भागतं. पण गोंडोलाने, म्हणजे तारेवरच्या पाळण्याने, वर अफरवटच्या डोंगरावर जाऊन मांडीइतक्या कोऱ्या बर्फात उतरायचं मनात असेल, तर दसऱ्यानंतर इथे नाव घाला. मी बँकेत दिवसभर खुर्चीत बसणारी बाई आहे, पन्नाशीला आलेली आहे, आणि या हिवाळ्यात त्या बर्फात दुपारपर्यंत माझे पाय माझ्या ताब्यात राहिले. त्याचं मोठं श्रेय या जागेला आहे.

व्यायामशाळेला पाटी नाही. बजाजनगरात एका घराच्या मागे पत्र्याची शेड आहे, समोर लिंबाचं झाड, त्याखाली वाळूचा हौद. चालवणारे सर लष्करातून निवृत्त झालेले. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी काश्मीरच्या बर्फात काढली. एरवी इथे पोलीस भरतीची पोरं येतात. डोंगरात किंवा बर्फात जाणाऱ्यांची छोटी बॅच वेगळी असते, संध्याकाळची. फी साध्या जिमच्या जवळपास दुप्पट आहे आणि ती मला जास्त वाटली नाही, कारण सर प्रत्येकाचा गुडघा स्वतः वाकून बघतात.

खोल बर्फ शरीराकडून नेमकं काय मागतो, हे आधी कळायला हवं, नाहीतर इथला व्यायाम विचित्र वाटेल. दाबलेल्या उतारावर स्कीच्या कडेखाली टणक जमीन असते. वळताना भार मुख्यतः बाहेरच्या पायावर जातो, पुढच्या वळणाला तो दुसऱ्या पायावर येतो, म्हणजे एकेका पायाला मध्ये सुटका मिळते. ताज्या हलक्या बर्फात जमीनच नसते. एका घनमीटर ताज्या भुरभुरीत बर्फाचं वजन 50 ते 100 किलो, पाण्याचं हजार. बाकी सगळी हवा. एकाच पायावर भार दिला की ती स्की खाली बुडते आणि माणूस तोंडावर जातो. म्हणून दोन्ही स्की जवळ ठेवून त्यांचा एकच पाट करायचा, भार जवळपास सारखा वाटायचा, आणि प्रत्येक वळणाला खाली दबून पुन्हा वर यायचं. हे दबणं आणि उठणं उतार संपेपर्यंत चालतं, आणि यात कुठल्याच पायाला सुट्टी नाही.

त्यात भीती वाटली की शरीर आपोआप मागे रेलतं. स्कीची टोकं वर राहतात म्हणून क्षणभर बरं वाटतं, पण मग सगळं वजन मांडीच्या पुढच्या स्नायूंवर लटकतं. खुर्ची काढून घेतल्यावर तसंच बसून राहावं, तसं ते असतं. स्नायू सतत आवळलेला राहिला की त्यातल्या रक्तवाहिन्या दबतात, रक्त नीट पोचत नाही, आणि मांडी पेटते. त्यावर उंचीची भर. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटरवर, गुलमर्ग 2,650 च्या आसपास, आणि गोंडोलाचा वरचा थांबा 3,900 मीटरच्या पुढे. तिथे हवेचा दाब आपल्याकडच्या 60-65 टक्केच असतो. प्रत्येक श्वासाला ऑक्सिजन त्याच प्रमाणात कमी.

आता सरांची पद्धत. पहिले काही आठवडे ते कुणाला वजन उचलूच देत नाहीत. त्यांचा सगळा भर खाली जाण्यावर. बैठक मारायची ती पाच मोजेपर्यंत खाली जात, तळाला दोन मोजेपर्यंत थांबून, मग झटकन वर. पाटावर एका पायावर उभं राहून दुसरा पाय जमिनीकडे न्यायचा, टेकवायचा नाही, फक्त स्पर्श करून वर घ्यायचा. गुडघा आत वळला की सर थांबवतात. "खाली जायची घाई काहून करून राहिले, ताई? बर्फात खालीच जायचं आहे दिवसभर," हे त्यांचं रोजचं वाक्य. यामागचं शास्त्र पक्कं आहे. स्नायू भाराखाली लांबत असताना जे काम करतो, त्याने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त ठणका लागतो. पण तेच काम आधी थोडं थोडं केलेलं असेल, तर पुढच्या वेळी तो ठणका बराच कमी होतो. सायकल चालवून ही सवय लागत नाही, कारण पेडल मारताना स्नायू आखडत काम करतो, लांबत नाही. मला हे कळलं आणि रामटेकचा अर्थ लागला.

रविवारी सकाळी बॅच रामटेकला जाते. अंबाळा तलावाच्या बाजूने गडमंदिराच्या पायऱ्या चढायच्या, तेही गप्पा मारत, सावकाश. वर रामाचं दर्शन, पाणी, थोडी विश्रांती. आणि मग खरा व्यायाम, उतरायचा. पाठीवर पिशवी, हात मोकळे, पायरीवर पाय आपटल्याचा आवाज आला तर सर मागून टोकतात. पाऊल आवाज न करता ठेवायचं म्हणजे प्रत्येक पायरीला मांडीने ब्रेक लावायचा. पायऱ्या जुन्या आहेत, उंची सारखी नाही, काही ठिकाणी दगड गुळगुळीत झालेत, वर माकडांकडेही लक्ष ठेवावं लागतं. उतारही असाच असतो, पुढचं पाऊल आधीच्यासारखं नसतं. नागपूरजवळ यापेक्षा चांगली जागा मला सुचत नाही.

पण या व्यायामशाळेचं खरं मोल आहे ते गाद्यांमध्ये. शेडच्या कोपऱ्यात उंच उडीच्या जुन्या, जाड फोमच्या गाद्या एकावर एक रचलेल्या आहेत. सर आपल्या बुटांना लाकडी फळ्या बांधतात, स्कीइतक्याच लांब, आणि आपल्याला त्या गाद्यांवर कुशीवर पाडतात. उठा म्हणतात. हात टेकवला की तो कोपरापर्यंत आत जातो. दुसरा टेकवला की छाती आत जाते. फळ्या एकमेकींत अडकतात. दोन मिनिटांत दम लागतो आणि आपण अजून आडवेच असतो. ज्यांनी खोल बर्फ पाहिला नाही त्यांना हा पोरखेळ वाटेल. ज्यांनी पाहिला आहे त्यांना माहीत आहे की तिथे माणूस उतरून जितका थकत नाही, तितका उठून थकतो. दाबलेल्या उतारावर पडलं तर हात टेकून उभं राहता येतं. इथे हात खांद्यापर्यंत जातो आणि खाली काहीच लागत नाही.

सर उठायचा क्रम पक्का करून घेतात. आधी पाय उताराच्या खालच्या बाजूला आणि दोन्ही स्की उताराला आडव्या. मग दोन्ही पोल, म्हणजे हातातल्या काठ्या, फुलीसारखे एकावर एक बर्फावर आडवे ठेवायचे, फुलीच्या मध्यावर तळहात दाबायचा, गुडघे पोटाशी ओढून घ्यायचे आणि वजन पायांवर आलं की मगच उठायचं. "हातावर जोर देऊन नका राहू. पाय खाली येऊ द्या, मंग उठा." गादीवर हे अंगवळणी पडलं. अफरवटच्या उतारावर पहिल्यांदा कमरेपर्यंत रुतले तेव्हा डोकं शांत राहिलं, आणि श्वास वाचला.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे निघालेली स्की परत चढवणं. पडल्यावर बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, सुटतं, स्की बर्फाखाली गडप होते, ती बहुतेक वेळा आपण पडलो त्याच्या वरच्या बाजूला असते. पोलने टोचत शोधायची. सापडली की एका पायावर तोल सांभाळत दुसऱ्या बुटाच्या तळव्याला चिकटलेला बर्फ खरवडायचा, नाहीतर बाइंडिंग बसत नाही. थकलेल्या पायाने, भुसभुशीत उतारावर. एका पायावर उभं राहून बुटाची नाडी सोडा-बांधा, हा इथला रोजचा व्यायाम मला सुरुवातीला फार किरकोळ वाटायचा. तो किरकोळ नाही.

आमच्या गटात एक तरुण होता, नागपूरच्याच एका मोठ्या जिममध्ये लेग-प्रेसवर माझ्या कितीतरी पट वजन ढकलणारा. ताकदीला तोड नाही. दुपारच्या आत त्याच्या मांड्या थरथरायला लागल्या. गाईडने त्याला सारखं पुढे झुकायला सांगितलं, पण थकलेला माणूस मागेच रेलतो आणि मागे रेलला की आणखी थकतो. त्याच्याकडे बघून मला वाटलं की ताकद असणं वेगळं आणि ती दिवसभर, हळूहळू, खाली जाताना पुरवून वापरता येणं वेगळं. सर दुसरी गोष्ट शिकवतात.

आता उणिवा. पहिली म्हणजे श्वासाची तयारी इथे कमी पडते. शेडमध्ये धावायला जागा नाही, आणि बॅचचा वेळ बैठका, गाद्या, तोल यातच संपतो. मी सेमिनरी हिल्सच्या चढावर वेगळं पळायला जायचे, ते तुम्हालाही स्वतःच करावं लागेल. विरळ हवेची सवय नागपुरात लागतच नाही, हे सर सुरुवातीलाच स्पष्ट सांगतात. गुलमर्गला पोचल्यावर एक-दोन दिवस खालीच राहा, भरपूर पाणी प्या, असा त्यांचा आग्रह असतो. थंड, कोरड्या हवेत श्वासावाटे पाणी बरंच जातं आणि तहान मात्र लागत नाही. दुसरी उणीव म्हणजे बूट. स्कीचा बूट घोटा जखडून टाकतो आणि पाय पुढे झुकलेला ठेवतो, त्यामुळे तोल सांभाळायचं काम गुडघा, कुल्ला आणि कमरेवर येतं. इथे सगळा सराव कॅनव्हासच्या बुटात, घोटा मोकळा ठेवून. मी हे सरांना बोलून दाखवलं आहे. ज्यांच्याकडे स्वतःचे बूट आहेत त्यांनी पुढच्या बॅचला आणावेत, असं त्यांनी मान्य केलं. तिसरी, ऑक्टोबरात पत्र्याखाली अंग भाजतं. पंखा एकच आहे.

सरांना स्कीच्या प्रकारांविषयी विचारू नका, ते त्यांचं क्षेत्र नाही. एवढं लक्षात ठेवा की दाबलेल्या उतारासाठीची स्की पायाखाली 65 ते 85 मिलिमीटर रुंद असते आणि खोल बर्फासाठीची 105 ते 120. रुंद स्की वर तरंगते, टोकं वर वळलेली असली तर आणखी सोपं. पाय कितीही तयार असले तरी अरुंद स्की घेऊन त्या बर्फात जाऊ नका, केलेली मेहनत वाया जाते.

वाळूच्या हौदाबद्दल लिहायचं राहिलं होतं, आणि तो वगळून चालणार नाही. शेवटच्या आठवड्यांत, सगळा व्यायाम झाल्यावर, पाय जड झालेले असताना, सर लहान दांड्याची फावडी हातात देतात. ओली वाळू, दोघांनी आळीपाळीने उपसायची, न थांबता. गोंडोलाच्या वरच्या उतारांवर जाणाऱ्या प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर (गाडलेला माणूस शोधायचं रेडिओ यंत्र), शोधकाठी आणि फावडं असलंच पाहिजे, कारण हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस पहिल्या 10-15 मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची शक्यता चांगली असते, त्यानंतर ती झपाट्याने घसरते. आणि कोसळून थांबलेला बर्फ भुरभुरीत राहत नाही, घट्ट बसतो. मीटरभर खाली असलेल्या एका माणसासाठी टन-दीड टन बर्फ हलवावा लागू शकतो. हे काम गाईड एकटा करू शकत नाही, गटातल्या सगळ्यांना करावं लागतं, आणि ते करायची वेळ नेहमी आधीच दमलेलं असताना येते. सरांनी आम्हाला सांगितलं होतं, दिवसाच्या शेवटी फावडं मारायला ताकद उरली नाही, तर समजा तुम्ही शेवटचा उतार उगीच उतरलात. मी वर असताना दुपारी स्वतःला हाच प्रश्न विचारायचे, आणि उत्तर नाही आलं की गोंडोलाने खाली यायचे.

बॅच दसऱ्यानंतर सुरू होते आणि डिसेंबरच्या अखेरीस संपते, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या बर्फासाठी वेळ बरोबर बसते. जागा थोड्या असतात. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांचा कागद घेऊन जा, सर त्याशिवाय गाद्यांवर चढू देत नाहीत.