स्ट्रॉबेरी, तुती, ब्लूबेरी की करवंद? बेळगावच्या परसात काय टिकतं

बेरी लावायच्या आधी तुमचं बेळगाव कुठलं ते बघा. खानापूर-जांबोटीकडे तांबडी माती आणि कुंडीतलं खत धुऊन नेणारा पाऊस. गोकाक-अथणीकडे काळी माती, जेमतेम पाऊस आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीला. शहर या दोन्हींच्या मधे, साधारण ७५० मीटर उंचीवर. महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास आहे. तिथली स्ट्रॉबेरी बघून हुरळून जाऊ नका, ते एवढ्यासाठी.

स्ट्रॉबेरी इथंही येते, पण एका हिवाळ्यापुरती. पाऊस ओसरला की ऑक्टोबरात रोपं लावायची, थंडीत फळ खायचं. लावताना मधला कोंब मातीच्या वर राहिला पाहिजे. पहिल्या वर्षी मी बारा रोपं बटाट्यासारखी खोल पुरली, त्यातली आठ कुजली. फेब्रुवारीत पान उलटून बघत जा. मागं बारीक जाळी आणि त्यात सरकणारे लालसर ठिपके दिसले, की कोळी कीड लागली म्हणायचं. तोवर ऊन तापतं, फुलं थांबतात आणि रोप नुसते लांब धागे सोडत बसतं. त्या धाग्यांवरची पिल्लं मेचं ऊन आणि नंतरचा पावसाळा पार करून जगवायची खटपट मी दोनदा केली. आता दरवर्षी नवी रोपं आणते. गच्चीत कुंड्यांशिवाय जागाच नसेल, तर मात्र हीच बरी.

परसात हातभर माती असेल तर तुती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "कांडी मोड आणि खोच गे, त्यात काय!" खरंच तेवढंच आहे. पावसाच्या तोंडाला पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची कांडी लावायची. काळी माती असो की तांबडी, पाणी साचत नसलं म्हणजे झालं. फळ नव्या फुटीवर धरतं, म्हणून छाटताना हात आखडता घेऊ नका. फसगत होते ती कांडी निवडताना. रेशीमवाल्यांकडे ती सहज मिळते, पण त्यांची व्ही-१ सारखी जात पाल्यासाठी काढलेली. ज्या झाडाचं फळ स्वतः चाखलंय, त्याचीच कांडी मागून आणा. आणि झाड कपड्यांच्या तारेपासून लांब लावा. बुलबुल तुती खाऊन तारेवर बसतात. पुढचं सांगायला नको.

ब्लूबेरीच्या नादी लागू नका. तिला मातीचा सामू (pH) ४.५ ते ५.५, म्हणजे आंबट माती लागते. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड, की बादलीला पांढरा थर धरतो. तेच पाणी घातलं, मातीचा आंबटपणा गेला आणि वर्षभरात पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. पावसाचं पाणी मेपर्यंत साठवायची सोय असेल तर हौस करा.

करवंद राहिलंच. बियांपासून फळायला तीन-चार वर्षं जातात, काटे बोचतात, चीक चिकटतो. पण एकदा रुजलं की उन्हाळ्यातही पाणी मागत नाही. बांधाला किंवा मागच्या कुंपणाला दोन-दोन हातांवर लावून द्या. आमच्या कुंपणातून आता गुरं आत शिरत नाहीत. मेमध्ये शेजारची पोरं तेवढी शिरतात.