व्हिस्की परदेशी धाडायची: टाकीतून की बाटलीतून?

भाचा इंदूरजवळच्या एका डिस्टिलरीत निर्यातीचं बघतो. परवा छप्पन दुकानला पोहे-जिलबी खाता खाता म्हणाला, "मामा, माल टाकीतून पाठवू की बाटलीतून?"

आधी भाडं बघ. साठ टक्के अल्कोहोलचा 1,000 लिटर माल टाकीतून गेला आणि तिकडे पाणी घालून चाळीसवर आणला, की साधारण 1,500 लिटर होतो. म्हणजे 700 मिलीच्या 2,100 बाटल्या! बाटलीतून धाडलास तर पाणी आणि काच, दोन्हींचं भाडं तूच भरणार. वर इंदूरला कुठे समुद्र? बंदरापर्यंतची फूटतूट वेगळीच.

मेहनतही टाकीत कमी. बाटलीला देशोदेशीची लेबलं. मापही आपलं 750, युरोपचं 700.

पण नावाचं काय? टाकी तिकडे उघडल्यावर कोण काय मिसळतं, तुला दिसत नाही. स्कॉटलंड तर 2012 पासून सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीतली, फक्त मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की) बाटलीबंद केल्याशिवाय बाहेर जाऊच देत नाही. ब्लेंडेड, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्क्या मिसळून केलेली स्कॉच मात्र अजून सुटी निघते आणि आपल्या देशी व्हिस्कीतही मिसळते.

मिश्रणासाठी घेणारं ठरलेलं गिऱ्हाईक असेल तर टाकी. स्वतःचं सिंगल माल्ट असेल तर बाटलीच, भाडं कितीही टोचो. आणि उसाच्या मळीची असेल तर युरोप विसर. तिथे तिला व्हिस्की म्हणूच देत नाहीत.