मिक्सर चांगला, पण कार्डावर २ टक्के जास्त का?
पुण्यात घराजवळच्या दुकानातून मिक्सर घेतला, माल एकदम ओरिजिनल, माणसंही बोलायला चांगली, पण बिल करताना डेबिट कार्ड काढलं तर म्हणे २ टक्के एक्स्ट्रा लागतील, म्हणजे ४,५०० वर ९० रुपये! अहो, डेबिट कार्डाचा एमडीआर (म्हणजे कार्डाने पैसे घेतल्याबद्दल दुकानदाराने बँकेला द्यायचा चार्ज) मोठ्या दुकानदारालाही जास्तीत जास्त ०.९० टक्के आहे आणि तो गिऱ्हाइकाकडून घ्यायचा नाही असं रिझर्व्ह बँकेने २०१७ लाच सांगितलंय. मशीनचं भाडं असतं, मार्जिन कमी असतं, मान्य, पण तो धंद्याचा खर्च आहे ना, लाईटबिलासारखा. शेवटी यूपीआय केलं, त्याला चार्ज नाही. मिक्सरला पाच स्टार, दुकानाला तीनच.