रोडबुक बॉक्स, ट्रिपमीटर आणि डाव्या अंगठ्याखालचा स्विच: डोंगरातल्या वापरानंतर

ओळीने हेअरपिन वळणं असलेल्या उतारावर रोडबुकचा रोल आपोआप पुढे सरकायला लागला आणि थांबेचना, म्हणून हे लिहितोय. रोडबुक म्हणजे मोटरसायकल रॅलीत वाट दाखवणारा कागदाचा रोल, त्याच्या प्रत्येक नोंदीत अंतर आणि फाट्याचं चित्र असतं. संच नेहमीचाच आहे. ए-फाइव्ह रुंदीचा मोटरवाला रोडबुक बॉक्स, पुढच्या चाकाच्या सेन्सरवर किंवा जीपीएसवर चालणारा ट्रिपमीटर (त्याने मोजलेलं अंतर म्हणजे ट्रिप), कॅप म्हणजे जाण्याची दिशा अंशांत दाखवणारा छोटा डिस्प्ले आणि डाव्या हँडलवर चार बटणांचा स्विच. बाकीचे तपशील सगळीकडे छापलेले आहेत. कंपनीचं नाव देत नाही. मोटर, दिवा, डिस्प्ले, ब्रॅकेट यांपैकी कशाचीही तक्रार नाही. तक्रार फक्त स्विचची आहे, आणि डोंगरात सराव करायचा तर या संचात स्विचइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही.

कारण ट्रिप. मोकळ्या मैदानात ट्रिप शंभर मीटरने चुकली तरी वाट दिसते. डोंगरात एकसारखे दिसणारे दोन फाटे सव्वाशे मीटरच्या अंतराने येतात. ट्रिप 140 मीटर मागे असेल तर माणूस पहिला खरा फाटा सोडून पूर्ण विश्वासाने दुसऱ्यावर वळतो. ट्रिप चुकतेच, यंत्र कितीही महाग घ्या. डोंगरात चुकण्याची कारणंही ठरलेली आहेत.

पहिलं कारण चढ. बरीच सरावाची रोडबुकं आता उपग्रह नकाशावर रेघ ओढून बनतात, आणि नकाशावरचं अंतर सपाट मोजलेलं असतं. चाक मात्र उतरणीची खरी लांबी मोजतं. 10 टक्के चढावर हा फरक अर्धा टक्का, 15 टक्क्यांवर 1.1 टक्के, 20 टक्क्यांवर जवळपास 2 टक्के. म्हणजे 15 टक्क्यांच्या 10 किलोमीटर चढात चाकाची ट्रिप 110 मीटर पुढे पळते. उतारावरही ती पुढेच पळते, चढाचा फरक उतारात फिटत नाही.

दुसरं कारण हेअरपिन. पूर्ण उलटं वळणारा हेअरपिन तीन मीटर आतून घेतला की बाहेरच्या ओळीपेक्षा 9.4 मीटर कमी भरतात. वीस हेअरपिन आतून कापले की 190 मीटर गेले. तिसरं कारण ब्रेक. सैल मातीच्या तीव्र उतारावर पुढचं चाक क्षणभर अडकतं आणि घसरत जातं. तेवढं अंतर सेन्सरला कळतच नाही. मागच्या चाकाला सेन्सर लावला तर उलटं होतं: चढावर चाक जागच्या जागी फिरतं आणि ट्रिप फुगते.

गंमत अशी की यातल्या काही चुका एकमेकींना खातात. चढ ट्रिप पुढे ढकलतो, कापलेले हेअरपिन मागे ओढतात, आणि घाटाच्या माथ्यावर आकडा बरोबर निघतो. मग वाटतं कॅलिब्रेशन, म्हणजे ट्रिपमीटरला दिलेला चाकाच्या परिघाचा आकडा, पक्कं झालं. पुढचा सरळ चढ लागला की 80 मीटरचा फरक पडतो आणि दोष सेन्सरला दिला जातो.

सुरुवातीला माझं मत होतं की चाकाचा सेन्सर ही नसती कटकट. वायर, चुंबक, फटी, सगळं सांभाळा, त्यापेक्षा जीपीएसवर ट्रिप चालवा. नकाशावरून बनवलेल्या रोडबुकशी जीपीएसचं सपाट अंतर जुळतंही. मोकळ्या डोंगरउतारावर आणि पठारावर ते मत अजून टिकून आहे. पण अरुंद दरीत, कड्याला चिकटून जाणाऱ्या वाटेवर ते बदललं. तिथे उपग्रहाचे संदेश खडकावरून परावर्तित होऊन येतात आणि उभ्या गाडीची ट्रिपही दहा-दहा मीटरने सरकते. शिवाय सेकंदाला एकदा जागा घेणारा जीपीएस ताशी 36 किलोमीटर वेगात 10 मीटरला एक बिंदू टाकतो. छोट्या हेअरपिनमध्ये तो वळण मोजत नाही, त्याची जीवा मोजतो. आता दरी आणि हेअरपिनसाठी चाक, बाकीसाठी जीपीएस. मेनूत दोन्ही बदलता येतात, फक्त थांबून बदला.

कॅलिब्रेशन सपाट रस्त्यावर करा, डोंगरात नाही. 90/90-21 टायरचा परीघ आकडेमोडीने 2185 मिलिमीटर येतो, पण वजनाखाली तो दबतो. 2150 घालून सुरुवात करा. रोडबुक 10.00 म्हणत असताना ट्रिप 9.88 दाखवत असेल तर 2150 ला 10 ने गुणून 9.88 ने भागा: 2176. तो घाला, परत तेवढंच अंतर चालवून बघा. टायरची गोटी 6 मिलिमीटर झिजली की परीघ साधारण 38 मिलिमीटरने कमी होतो, म्हणजे पावणेदोन टक्के. नवा टायर घातला की जुना आकडा फेकून द्या. हवा कमी-जास्त केली तरी एकदा तपासा.

एवढं सगळं करूनही ट्रिप हाताने दुरुस्त करावीच लागते, आणि इथे तो स्विच येतो. वर-खालच्या बटणांनी रोल सरकतो, डाव्या-उजव्यांनी ट्रिप 10 मीटरने कमी-जास्त होते. बटण दाबून धरलं तर 100 मीटरच्या उड्या पडतात. कल्पना चांगली आहे. रोडबुकात फाटा 14.62 ला आणि ट्रिप 14.48 वर असेल तर एकदा दाबून धरायचं, मग चार वेळा टिचकी, संपलं. प्रत्यक्षात धरून ठेवण्याची मर्यादा इतकी कमी ठेवलीय की जाड हातमोजा आणि दगडांचे धक्के यांत साधी टिचकीसुद्धा 'धरलं' म्हणून मोजली जाते. 10 मीटर द्यायला जावं आणि 100 मिळावेत. मेनूच्या शेवटच्या पानावर ही वेळ वाढवता येते, पण माहितीपुस्तिकेत त्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. ती जास्तीत जास्त ठेवा.

दुसरा दोष घडणीचा. चारही बटणं एकाच उंचीची आणि सपाट आहेत, त्यामुळे न बघता रोलचं कुठलं आणि ट्रिपचं कुठलं हे अंगठ्याला कळत नाही. ट्रिपच्या दोन बटणांवर रबराचा छोटा ठिपका चिकटवला की प्रश्न सुटतो. पेट्या आणि दिव्यांवर एवढा विचार करणाऱ्यांना एक ठिपका सुचू नये याचं नवल वाटतं. स्विच ग्रिपच्या आतल्या कडेपासून दीड-दोन सेंटिमीटरवर बसवा. तर्जनी क्लचवर असताना अंगठा मनगट न वळवता पोचला पाहिजे. उभं राहून तपासा, बसून नाही. उतारावर शरीर मागे गेलं की अंगठ्याची पोच बदलते.

सरावाचा क्रम असा ठेवलेला बरा. आधी गाडी उभी करून, हातमोजे घालून, स्विचकडे न बघता साथीदार सांगेल तेवढी दुरुस्ती: अधिक 30, उणे 120, असं. ते सहज होईपर्यंत मातीवर जायचं नाही. मग ओळखीच्या फेरीवर, साथीदाराने निघताना ट्रिप मुद्दाम 0.30 ने चुकवून द्यायची, पुढे की मागे ते न सांगता. स्वाराने कितव्या नोंदीला चूक ओळखली ते बघायचं. तिसऱ्या नोंदीपर्यंत ओळखली तर उत्तम. पाचवी उलटली तर तो आकडे वाचत नाही, फक्त चित्रांमागे धावतो आहे.

दुरुस्ती कुठे करायची याचाही नियम आहे. फाटा, पूल, ओढ्याचा उतार, दगडी बांध अशा खात्रीच्या जागीच. वळणावर कधीच नाही, कारण वळणाचा नेमका बिंदू कोणता ते तुम्हालाही माहीत नसतं आणि रोडबुक बनवणाऱ्यालाही. ट्युलिपच्या, म्हणजे नोंदीतल्या फाट्याच्या, चित्रातला गोल म्हणजे तुम्ही आलात ती बाजू, बाण म्हणजे जायची. अंतर रेषा जिथे फुटतात त्या बिंदूचं असतं, फाटा दिसू लागतो तिथलं नाही. नवखे तीस-चाळीस मीटर अलीकडेच दुरुस्ती करतात आणि पुढच्या नोंदीला गोंधळतात. आणखी एक: मुख्य वाट सोडायची नसेल तर रोडबुक प्रत्येक वळण देत नाही. घाटात सात वळणं गेली आणि नोंद एकही नाही, याचा अर्थ वाट चुकली असा नसतो.

नोंदी दाट असतील तेव्हा एकूण अंतराऐवजी दोन नोंदींमधलं अंतर बघा. दुसरी ट्रिप प्रत्येक नोंदीला शून्य केली की मागची चूक पुढे येत नाही. वाट चुकल्यावर शेवटच्या खात्रीच्या जागी परत जा आणि तिथला रोडबुकातला आकडा ट्रिपवर बसवा. गेलेलं अंतर वजा करत बसू नका. एका चुंबकाच्या सेन्सरला दिशा कळत नाही, परत येतानाचं अंतरही तो वाढवतच असतो.

कॅपबद्दल थोडक्यात. दिशा जीपीएसवरून येत असल्यामुळे उभ्या गाडीवर ती निरर्थक असते, आणि फाट्यावर थांबून कॅप बघणाऱ्यांना ती हमखास फसवते. वळल्यावर 40-50 मीटर सरळ गेल्यावरच वाचा. म्हणजे डोंगरात ती वाट निवडायला उपयोगी नाही, निवडलेली वाट पडताळायला आहे. त्यासाठी मात्र भरवशाची.

कागद. पानं जोडताना चिकटपट्टी मागच्या बाजूने लावा आणि पुढच्या पानाची कड आधीच्या पानाखाली ठेवा, म्हणजे सरकताना ती काचेला अडत नाही. सुरुवातीला आणि शेवटी दोन-दोन कोरी पानं हवीत, नाहीतर शेवटच्या नोंदी रुळावरून सुटतात. रोल घट्ट गुंडाळला की मोटर गुरगुरते आणि अडते. थोडा सैल ठेवा. जाड कागदातून मागचा दिवा नीट दिसत नाही, साधा 80 ग्रॅमचा पुरतो. उबदार खोलीत बॉक्स बंद करून पहाटे गारठ्यात काढला की आतून धुकं धरतं. सिलिका जेलची पुडी टाका आणि रोल बाहेरच, सावलीत भरा. वरचं झाकण धुळीच्या हातमोज्याने पुसलं तर काही आठवड्यांतच उन्हात काही दिसेनासं होतं.

रोडबुकातल्या महत्त्वाच्या खुणा रंगवण्याचा सरावही करा, पण त्यात अडकून पडू नका. डकार रॅलीत 2021 मध्ये रोडबुक आधीच रंगवलेलं आणि त्या दिवशी सकाळी, सुटण्याच्या थोडंच आधी हातात यायला लागलं. आदल्या रात्री बसून पाठ करायची सोय तिथे राहिलेली नाही. सरावातही अनोळखी रोडबुक गाडीवर बसण्याआधी थोडाच वेळ हातात मिळावं. तीन उद्गारचिन्हांच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या धोक्याच्या, नोंदी तेवढ्या आधी शोधून ठेवा.

आता बिघाड. रोल आपोआप पळायला लागला तर आधी स्विचचा कनेक्टर सोडा. रोल थांबला तर दोष स्विचमध्ये, तरीही पळत राहिला तर कंट्रोलरमध्ये. इथे स्विच होता. वायर स्विचच्या वरच्या बाजूने बाहेर पडते, म्हणून पावसाचं आणि ओढ्यांचं पाणी वायरवरून थेट आत उतरतं. आतले संपर्क हिरवे पडले होते. पेटीवर मात्र 'पाणीरोधक' असं छापलेलं आहे.

सेवाकेंद्राचं म्हणणं: पाणी शिरलंय, म्हणून वॉरंटी नाही. स्विच सुटा मिळत नाही, कंट्रोलरसकट पूर्ण जोडणी घ्या. चार बटणं आणि पाच वायर यांच्यासाठी अख्खा कंट्रोलर. वायरिंगचा आराखडा मागितला तर तो 'अंतर्गत' आहे म्हणे. पाच वायरचा आराखडा अंतर्गत!

तो लागतही नाही. मल्टिमीटर सातत्याच्या आवाजावर ठेवा, एकेक बटण दाबा. जी वायर प्रत्येक बटणाला वाजते ती सामाईक, उरलेल्या चार आपापल्या बटणाच्या. आतली छोटी बटणं इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात मिळणारी साधी दाबाची असतात. जुनी काढा, सर्किटची पट्टी संपर्क-स्वच्छतेच्या द्रावणाने धुवा, नवी डाखा, रबरी टोपीखाली सिलिकॉन ग्रीस भरा. मग स्विच उलटा बसवा, म्हणजे वायर खालून निघेल, आणि तिला कनेक्टरआधी एक खाली लोंबणारा वळसा द्या, पाणी तिथून ठिबकून जातं. स्विच उलटा केल्यामुळे वर-खाल आणि डावं-उजवं दोन्ही उलटतात, म्हणून डाखतानाच समोरासमोरच्या वायरी अदलाबदल करा. मेनूत तशी सोय नाही.

याच बैठकीत सेन्सरची वायरही बघून घ्या. ती ब्रेकच्या नळीला धरून न्या, फोर्क पूर्ण ताणल्यावरही ढील उरली पाहिजे. तुटते ती नेहमी फोर्कच्या खालच्या संरक्षकाजवळ. चुंबक आणि सेन्सरमध्ये 2 ते 4 मिलिमीटर फट ठेवा. चाक उचलून फिरवा, रीड प्रकारचा (चुंबक जवळ आला की आतले संपर्क जुळणारा) सेन्सर असेल तर मीटर प्रत्येक फेरीला एकदा वाजला पाहिजे. दोनदा वाजला तर फट जास्तच कमी झालीय, आणि ट्रिप दुप्पट मोजेल.